तुमच्या नावावर माझे ठोके

वन्सं,

तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले आणि माझा राग गेलेला नाही. दिवसकार्य झालं, तुमच्या साड्या वाटून झाल्या, भेटायला येणारे थांबले. राग तेवढा राहिला. त्यातला अर्धा तुमच्यावर आहे. उरलेला कुणावर, ते लिहिता लिहिता सांगते.

इराने कॅनडातून वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसाठी चार ओळी पाठवल्या होत्या. त्यात 'मायाळू आत्याआजी' असं होतं. मी 'मायाळू' खोडलं. सकाळचा दुसरा चहा होईपर्यंत तुम्ही कुणाशी मायेने बोलल्याचं मला आठवत नाही, आणि त्यानंतर बोललात तेही 'नखं कापा' आणि 'पाय वर घेऊन बसा' एवढंच. पण देवळाली कॅम्पच्या दवाखान्यात ज्यांच्या उशाशी तुम्ही नर्स म्हणून उभ्या राहिलात, ती माणसं पंचवीस वर्षांनी बाजारात भेटून तुमच्या पाया पडायची. तुम्ही त्यांना विचारायचात, "टाके कुठे पडले होते?" त्यांनी जागा दाखवली की मग तुम्हाला नाव आठवायचं.

हे तुम्हाला लिहितेय, पण वाचणार आहेत माझी दोन नातवंडं, अमेरिकेतला नचिकेत आणि कॅनडातली इरा. त्यांना सरळ सांगायला गेले की माझ्यातल्या बाई जाग्या होतात. तीस वर्षं इंग्रजी शिकवल्याची खोड; मी मुद्दे पाडते, आणि सांगायचं ते राहून जातं. तुमच्यापुढे मुद्दे कधी चालले नाहीत. तुम्ही दुसऱ्याच मुद्द्याला म्हणायचात, "वहिनी, दुखतंय कुठे ते सांगा."

दुखतंय ते हे.

नचिकेतने कंपनी काढली ती चांगल्या हेतूने काढली, हे आधी लिहून ठेवते. गेल्या वर्षी तो आला होता तेव्हा आपल्या इंदिरानगरच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी बसून त्याने आपल्याला समजावलं होतं. मुलं परदेशात, आईबाप इथे, मधे फोन. फोनवर प्रत्येक आई म्हणते, मी बरी आहे. "आजी, मला त्या 'बरी आहे'च्या मागचं दिसायला हवंय," तो म्हणाला. मला ते वाक्य फार आवडलं. तुम्ही तेव्हा ताटातली मिरची बाजूला काढत होतात. म्हणालात, "मागचं बघायचं तर मागे येऊन बसावं लागतं रे." तो हसला. मी तुमच्याकडे डोळे वटारले.

मग ते बँड आले. माझा करडा, तुमचा निळा. मनगटावर बांधायचे, दिवसभराची नाडी, पावलं, झोप, सगळं आपोआप कंपनीकडे जाणार. काही वेगळं दिसलं तर इथल्या माणसाला सूचना, तो फोन करणार, गरज पडली तर अँब्युलन्स. नाशिकमधल्या काही घरांत चाचणी होती आणि पहिलं घर आपलं.

"चाळीस वर्षं मी लोकांच्या नाड्या धरल्या," तुम्ही म्हणालात. "आता माझी कोण धरणार, तर घड्याळ."

"घड्याळ नाही वन्सं, सेन्सर आहे."

"बरं, सेन्सर. तो विचारेल का, जेवलीस का म्हणून?"

बँड कंपनीशी जोडले जायच्या आदल्या दिवशी तुम्ही तो नुसता घालून पाहिलात. संध्याकाळी काढून फ्रिजवर ठेवलात आणि म्हणालात, खाज सुटते. मी मनगट पाहिलं. पुरळ नव्हतं. तरी मी मान्य केलं, कारण तुमच्याशी वाद घातला की माझंच डोकं दुखायचं.

दुसऱ्या दिवसापासून रोहिणीचे फोन सुरू झाले. ही सटाण्याकडची मुलगी, नर्सिंगचा कोर्स केलेली, नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. कंपनीने तिला आपल्यासारख्या घरांची चौकशी करायला नेमलं होतं. रोज दहा वाजता फोन. "आजी, तुमचं हिरवं हाय. आत्याआजींचं कायच येत नाय."

माझ्या फोनवर दोन चौकोन दिसायचे. माझा हिरवा, तुमचा राखाडी. वन्सं, मी कशी बाई आहे ते तुम्हाला माहीत आहे. गॅसची पुस्तकं आणि विजेची बिलं वर्षवार लावून ठेवणारी. भिंतीवरची तसबीर अर्धा बोट कलली तरी मला जेवण जात नाही. तो राखाडी चौकोन मला डोळ्यांत खुपायला लागला. शिवाय तो तिकडे नचिकेतला रोज दिसत असणार. त्याची स्वतःची आत्याआजी त्याचा बँड घालत नाही, हे त्याने लोकांना कसं सांगायचं? चौथ्या दिवशी मी निळा बँड माझ्या उजव्या मनगटावर बांधला. तुम्ही राजी होईपर्यंत, असं मनाशी ठरवून.

तो आठ महिने तिथेच राहिला.

तुम्ही ते पाहिलंत तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तुम्ही दाराला टेकून हसू लागलात. "वहिनी, हे बरंय. चाला तुम्ही आणि तब्येत सुधारणार माझी."

"मग घाला ना स्वतः."

"छे छे. चालू द्या. पण माझ्या नावावर फार उड्या मारू नका हं. या वयात चार हजार पावलं चालते म्हटल्यावर कुणीतरी स्थळ घेऊन यायचं."

मीही हसले. म्हणजे आपण दोघींनी मिळून ते केलं. हे कुणीतरी ऐकावं म्हणून लिहीत नाही. मला एकटीला ते पेलत नाही म्हणून लिहितेय.

दोन महिन्यांनी नचिकेतचा फोन आला. इतका आनंदात होता की आधी इंग्रजीच बोलत सुटला. त्यांच्या संगणकाला असं दिसलं होतं की आपल्या दोघींची हृदयं जवळपास एका लयीत चालतात. माझी नाडी चढली की तुमची चढते, माझी झोप मोडली की तुमची मोडते. "आजी, इतकी वर्षं एकत्र राहिल्यामुळे! कुणी हे असं पाहिलेलंच नाहीये!" गुंतवणूकदारांना दाखवायच्या सादरीकरणात त्याने आपल्यावर एक पान घातलं. दोन रेषा, एक करडी, एक निळी. खाली लिहिलं होतं, एका घरातली दोन हृदयं.

मी फोन ठेवला आणि तुम्हाला सांगितलं. तुम्हाला हसता हसता ठसका लागला. मग डोळे पुसून म्हणालात, "सांगून टाका त्याला."

हे तुम्ही म्हणाला होतात. मी विसरलेले नाही. तुम्ही एकदाच म्हणालात, पण म्हणालात. मी म्हटलं, ते पान दाखवून झालं की सांगते. मग म्हटलं, पुढच्या महिन्यात तो येणार आहे तेव्हा समोर सांगते. तो आला नाही. एकदा खोटं नीट लावून ठेवलं की ते बाकीच्या फायलींसारखंच दिसायला लागतं.

आणि बँड खोटा नव्हता, हेही लिहायला हवं. खालच्या मजल्यावरचे बँकेतून निवृत्त झालेले काका आठवतात? त्यांची मुलगी सिंगापूरला. एका सकाळी त्यांच्या बँडने सूचना दिली, रोहिणीने फोन केला, काका म्हणाले मी ठणठणीत आहे. तिने ऐकलं नाही. आवाज वेगळा लागतोय म्हणाली आणि गाडी पाठवली. काका आज खाली बाकावर बसून पेपर वाचतात. मला जिन्यात पाहिलं की नजर चुकवतात. त्यांना वाटतं, आपण वाचलो आणि तुम्ही नाही, याचं मला वाईट वाटत असेल. त्यांना खरं माहीत नाही. त्यांनी बँड स्वतःच्या हाताला बांधला होता.

ते काका वाचले म्हणून गुंतवणूकदारांना नाशिकची घरं पाहायची होती. बंगळूरहून एक गृहस्थ आले. चाळिशीचे, मृदू बोलणारे, दारात बूट काढून मोजे घडी करून आत ठेवणारे. मला ते तिथेच आवडले. आल्या आल्या त्यांनी आपल्याला हिंदीत सांगितलं की त्यांची आई हुबळीला एकटी राहायची, आणि ती गेल्याचं त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. या माणसाला फसवायचं माझ्या मनात नव्हतं, पण त्या सकाळी निळा बँड माझ्या हातात असून चालणार नव्हता. मी तुमच्यापुढे हात जोडले. तुम्ही कुरकुरलात आणि मनगट पुढे केलंत.

ते दोन तास तुम्ही बँड घालून बसला होतात. आठ महिन्यांत तेवढेच.

काय रंगला होतात त्या दिवशी! त्या गृहस्थांनी तुम्हाला विचारलं की पूर्वी नाडी कशी मोजायचे. तुम्ही सरळ त्यांचं मनगट धरलंत, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत अर्धा मिनिट गप्प बसलात. तेही बिचारे श्वास रोखून बसले. तुम्ही म्हणालात, "नाडी चांगली आहे. झोप नाही."

"कैसे पता चला?" त्यांनी थक्क होऊन विचारलं.

"आँखों के नीचे काला दिखता है ना. उसके लिए नाडी क्यों लगेगी?"

त्यांच्याबरोबर आलेली रोहिणीसुद्धा तोंडाशी ओढणी नेऊन हसली. जाताना ते तुमच्या पाया पडले आणि त्यांचं कार्ड माझ्याकडे देऊन गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी नचिकेतच्या कंपनीत गुंतवणूक केली.

आता ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. ही मी मनात इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली आहे. दहा वाजता रोहिणीचा फोन. "आजी, काल आत्याआजींचं दोन तास लय येडंवाकडं आलंय. ठोके कमी-जास्त, मधेच सुटलेले. पट्टा सैल व्हता का?"

तुम्ही समोर कोथिंबीर निवडत होतात. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मान वर केली नाहीत.

मला वाटलं, पकडले गेले. दोन वेगळ्या माणसांची नाडी आहे हे यंत्राने ओळखलं. मला एवढंच वाटलं, वन्सं. मी माझ्या खोट्याचा विचार केला. तुमच्या हृदयाचा विचार मला शिवलासुद्धा नाही. मी म्हणाले, "हो, सैल असेल. त्यांना घट्ट सहन होत नाही."

"बरं बरं. मग तसं लिहिते." तिने तसं लिहिलं. संगणकाकडे तुमच्या नावावर माझे महिनोन्महिन्यांचे सरळ, शिस्तीतले ठोके होते. त्याने त्याच्याशी ताडून पाहिलं आणि ते दोन तास सदोष म्हणून बाजूला काढले. तुमचे खरे ठोके तेवढेच होते.

आणि तुम्ही कोथिंबीर निवडत राहिलात. इथे माझा राग तुमच्यावर येतो. तुम्ही ऐकत होतात. ठोके सुटणं म्हणजे काय हे या घरात कळणाऱ्या तुम्ही एकट्या होतात. 'नाडी अनियमित आहे, गुठळी होऊ शकते' असं कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, हे मला तुम्ही गेल्यावर त्यांच्या तोंडून कळलं. गोळ्या लिहून दिल्या होत्या. तुम्ही म्हणालात, विचार करते. ते मला सांगताना डॉक्टर खाली बघत होते. "सिस्टरना मी काय शिकवणार?" म्हणाले.

म्हणजे खाज सुटत नव्हती. बँड बांधला की सगळ्यांना कळेल, मग तपासण्या, मग दवाखाना, मग ती नळ्यांची खोली, जिच्याबद्दल तुम्ही म्हणायचात की तिथे माणूस मरत नाही, त्याला मरू देत नाहीत. तुम्हाला ते नको होतं. नको होतं तर मला सांगायचं होतं! मी भांडले असते, रडले असते, गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावून दिल्या असत्या. तुम्ही येता-जाता माझं मनगट धरायचात. बोलता बोलता मोजून व्हायचं तुमचं. अडतीस वर्षं आपण एका घरात राहिलो, त्यातली शेवटची अकरा, हे गेल्यानंतरची, दोघीच. मी एकदाही तुमचं मनगट धरलं नाही. मला मोजता येत नाही, एवढंच कारण.

तो दिवस. तुम्ही म्हणालात, आज नाही येत, पाय जड वाटतोय. मी म्हटलं, आळस. पिशवी घेऊन एकटी बाजारात गेले, दोन्ही मनगटांवर दोन बँड. भाजीच्या गाड्यापाशी रोहिणीचा फोन आला.

"आज लय चालताय दोघी! संगतीनं निघालात काय?"

"हो, दोघी," मी म्हणाले.

"आत्याआजींना द्या ना जरा. दोघींशी बोलायचं असतं मला."

"अगं, त्या भाव करतायत. भांडण लागलंय गाडीवाल्याशी."

ती हसली. "मग नको. भांडू द्या." तिने दोघींच्या नावापुढे बोलल्याची टिक केली. मी शेपू घेतला, गवार घेतली, तुमच्यासाठी दोन चिकू घेतले. घरी आले तेव्हा तुम्ही बेसिनपाशी पडला होतात. नळ चालू होता. डॉक्टर आले, त्यांनी तुमचं मनगट धरलं, लगेच सोडलं. त्या वेळी माझ्या फोनवर तुमचा चौकोन हिरवा होता. अंत्यसंस्कारांनंतर आंघोळीला जाताना मी तो बँड काढला. तोवर तुम्ही कंपनीच्या लेखी जिवंत होतात आणि बऱ्यापैकी चालल्या होतात.

नचिकेत फोनवर रडला. लहानपणी गुडघा फुटल्यावर रडायचा तसा. "माझं यंत्र चुकलं, आजी. तू बाजारात होतीस, आत्याआजी घरी पडली होती आणि आम्ही हिरवं दाखवत होतो." मी तेव्हाही खरं सांगितलं नाही. आता नको, त्याला आणखी धक्का नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. तेराव्यापर्यंत मी घाबरूनच होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रोहिणी आली. तुमच्या फोटोपुढे हात जोडले आणि तिथेच खाली बसली. कंपनीने तिला काढलं होतं. चौकशीत दोन गोष्टी निघाल्या. एक, नाडी वाकडी आली तेव्हा पट्टा सैल असं लिहून तिने विषय संपवला. दोन, आत्याआजींशी न बोलता बोलल्याची टिक केली. "मी तुमच्यावर इस्वास ठेवला, आजी," ती म्हणाली. ती मला दोष देत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की आपण दोघी त्या दिवशी बाजारात होतो, तुम्ही एकट्याच आधी घरी परतलात आणि पडलात. "मी हट्टानं बोलले असते तर मला आवाज कळला असता. काकांचा कळला व्हता."

मी तिला तेव्हाच सांगितलं. सगळं. तिने माझ्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंग मी कुणाचा आवाज ऐकणार व्हते?" आणि उठून गेली. चहा घेतला नाही.

त्याच दिवशी मी नचिकेतला फोन लावला. आता नचिकेत, हे तुझ्याबद्दल आहे, आणि इरा, हे तू वाचायला हवंस म्हणून लिहितेय.

मी त्याला म्हटलं, दुसरा बँडही मीच घातला होता, सगळे महिने.

"मला माहीत आहे, आजी," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"ती गेल्यावर आठव्या दिवशी. दोन्ही रेषा एकावर एक ठेवल्या. एकच माणूस होतं."

"मग रोहिणीला का काढलं?"

"तिने टिक तर खोटीच केली ना."

"आणि मी केलं ते?"

"तू घरची आहेस."

वन्सं, तीस वर्षं मी वर्गात उभी राहिले. माझ्या मुलाची वही मी इतरांच्या वह्यांबरोबर तपासली आणि त्याला नापास केलं होतं, तुम्हीच त्या दिवशी माझ्याशी अबोला धरलात. त्याच मुलाचा मुलगा मला सांगतो, तू घरची आहेस. त्याने पुढे नीट समजावून सांगितलं. नवीन गुंतवणूकदार येणार आहेत. आणखी शहरांत घरं घ्यायची आहेत. काकांसारखी आणखी माणसं वाचणार आहेत. आत्ता हे बाहेर आलं तर सगळ्याच नोंदींवर संशय येईल. रोहिणीला दुसरीकडे काम मिळेल. "कुणाला सांगू नकोस, आजी. प्लीज." तो खोटारडा नाही, हे मी त्याची आजी म्हणून सांगते. तो माझ्यासारखा आहे. त्याला राखाडी चौकोन पाहवत नाही.

मी एकच मागितलं. म्हटलं, ते दोन तास मला पाठव. ते गृहस्थ आले होते त्या दिवशीचे. तुझ्या आत्याआजीचे तेवढेच आहेत. ते काढून टाकलेत ना, ते मला दे, मी छापून घेते.

"ते नाहीत आता," तो म्हणाला. "सदोष नोंदी आम्ही ठेवत नाही."

परवा मी रिक्षाने द्वारकेला गेले. रोहिणी आता तिथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बाटल्यांवर नावं चिकटवते. मी तिला माझ्या सहीचा कागद दिला, मराठीत आणि इंग्रजीत, की तिने जे लिहिलं ते माझ्या सांगण्यावरून लिहिलं आणि मी तिला खोटं सांगितलं होतं. तिने उभ्याने वाचला. म्हणाली, "आजी, हे दाखवायचं कुणाला? ज्याला दाखवायचं तो तुमचाच नातू हाय." मागे एक बाई कापसाने दंड दाबून उभ्या होत्या. रोहिणीने कागद घडी करून मला परत दिला आणि त्यांना म्हणाली, "ताई, अजून दोन मिनिटं दाबून धरा."

घरी येऊन मी त्या बंगळूरच्या गृहस्थांचं कार्ड काढलं. ते कार्डांच्या पाकिटात, ब अक्षराखाली होतं. त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलंय, चार वाक्यांचं. दुसरा बँड सर्व काळ माझ्या हातावर होता. जे दोन तास सदोष ठरले, तेच खरे होते. रोहिणीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, बाकी तिचा दोष नाही. माझ्या नातवाला हे ठाऊक आहे. पहिली तीन दहा मिनिटांत झाली. चौथ्याला दोन दिवस लागले.

आत्ता सकाळचे साडेसात वाजले आहेत. हे लिखाण मी आधी नचिकेतला आणि इराला पाठवते आहे. बंगळूरचं ते पत्र उद्या याच वेळेला जाईल. मधला एक दिवस नचिकेतचा आहे. त्या गृहस्थांना त्याने स्वतः फोन केला, रोहिणीला स्वतः फोन केला, तर चौथं वाक्य मी खोडेन. पहिली तीन जाणारच.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाला असतात. "वहिनी, पोराचं वाटोळं कराल. मी मेले ती माझ्या मर्जीने मेले, त्यात त्या मुलाला कशाला ओढता?" मी म्हटलं असतं, आणि रोहिणी? तुम्ही म्हणाला असतात, तिला मी सांभाळते, तिला कॅम्पात लावून देते कुठेतरी. मी म्हटलं असतं, काम लावून देणं वेगळं आणि नाव धुऊन देणं वेगळं. मग तुम्ही पेपर उचलून तोंडासमोर धरला असतात.

म्हणा ना, वन्सं. मोठ्याने म्हणा. मी ऐकणार नाही, पण म्हणा.